पाण्याच्या रंगाचा बोया

वर्षभरापूर्वी खाडीच्या तोंडाशी बुडवून ठेवलेलं आमचं यंत्र परत आणायला आम्ही तिघे निघालो: मी, माझे मार्गदर्शक सर आणि बोटवाले काका. थर्मासएवढी ती नळी तळाशी बसून दर तासाला पाण्याचं तापमान टिपत होती. किनाऱ्याजवळचा समुद्र नुसता वरवर तापतोय की पार तळापर्यंत, याचं उत्तर तिच्या पोटात होतं. माझा प्रबंधही तिथेच होता. नळी हरवली, की माझी दोन वर्षं मातीमोल!

खूण म्हणून वर तरंगणारा केशरी बोया याआधी दोनदा चोरीला गेला होता. म्हणून या खेपेला सरांनी डोकं चालवलं. तीन दिवस बाटल्या भरभरून समुद्राचं पाणी प्रयोगशाळेत आणलं, त्याचा रंग मोजला आणि बोयाला हुबेहूब तोच रंग स्वतःच्या हाताने दिला. चोराला दिसणारच नाही, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. चोराला तो दिसला नाही, हे खरंच. पण आता आम्हालाही दिसेना!

मधल्या वादळात तळाचं वजन सरकलं असावं. नोंदवलेल्या जागी नुसतं पाणी होतं. काका तीन तास बोट गोल गोल फिरवत राहिले. सरांना बोट लागली होती. बादलीत तोंड घालून ते समजावत होते, की रंग उन्हातल्या पाण्याचा आहे, आज ढग आहेत, तेव्हा बोया उठून दिसायला हवा. काकांनी फक्त बादली रिकामी करून दिली.

वारा वाढला. काकांनी परत फिरायचं ठरवलं, आणि तेवढ्यात इंजिन गचका खाऊन बंद पडलं. बोटीखालच्या पंख्यात दोर अडकला होता! लाटा आम्हाला खडकांकडे ढकलू लागल्या. मी मागच्या काठावर पालथी पडले. काकांनी माझे पाय धरले. मी हातात सुरी घेतली, पाण्यात डोकं घातलं... आणि थबकले.

दोराला वेणी होती. तिपेडी, टोकाला माझं केसांचं रबर!

मला खलाशांच्या गाठी येत नाहीत. मागच्या वर्षी मी बोयाचा दोर सरळ वेणी घालून बांधला होता, आणि काका पोट धरधरून हसले होते.

"काका, हा आपल्याच बोयाचा दोर आहे!"

"काप आधी. खडक बघ."

कापला असता तर बोट सुटली असती आणि नळी कायमची तळाला गेली असती. मी बोटीला बांधलेल्या दोन दोऱ्यांची टोकं मागितली.

"आता वेणी घालत बसणार तू?" काका म्हणाले, पण दोऱ्या दिल्या.

तिसरा पेड म्हणजे खाली गेलेला दोर. तो ताठ. हलेना! मग दोनच पेड त्याच्याभोवती आवळत गेले. नाकातोंडात पाणी. तळाचं वजन घसरत होतं, खडक वीस हातांवर. बारा. शेवटचा वेढा, वेढ्यावर माझ्या केसांतलं रबर, आणि वर पंख्यापाशी सुरी! दोर तुटला. वेणी ताणली गेली, करकरली, टिकली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं!

खडकांपासून दूर जाऊन आम्ही दोर ओढून नळी वर घेतली, आणि धक्क्यावर ती उघडली. शिंपल्यांनी ती मढली होती, पण नोंद अख्खी होती. पडद्यावर आलेख आला आणि माझा आनंद जरा मावळला. उन्हाळ्याचे सहा आठवडे तळाचं पाणीही वरच्याइतकंच तापलेलं होतं. काकांनी तारखा विचारल्या. त्याच दिवसांत जाळी रिकामी येतात, असं ते कित्येक वर्षं सांगत होते. सरांनी आलेख पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "तुमचं ऐकायला फार वेळ लावला मी. पुढच्या वर्षीही तिथेच बुडवू. बोया कुठल्या रंगाचा करायचा, ते तुम्ही सांगा."

रंगाचं नंतर बघू म्हणत काका बोट बांधायला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले, तर मांडीवर दोर घेऊन ते बसले होते, आणि तीन पेडांचा पार गुंता झाला होता.

"हसू नकोस," ते म्हणाले. "डावा आधी, का उजवा?"