वर जाणारा डबा, खाली येणारा डबा

अबोलीच्या पत्राला हेमचंद्रने अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र तरी केवढं! दुसरीतल्या मुलीसारखं गोल गोल अक्षर, आणि चार ओळी. ‘तू जातो बोललास. खरंच? मला तू हवा आहेस. तुला मी? फोन नको. फोनवर तू नुसतं हं हं करतोस. लिही.’

ओहायोतल्या डब्लिनमध्ये, नव्या नोकरीच्या गावी, ते पत्र त्याच्या टेबलावर पडून होतं. रोज रात्री तो मनातल्या मनात सुंदर उत्तरं लिहायचा, आणि सकाळी त्यातलं एकही वाक्य त्याला धड वाटायचं नाही.

ती भेटली होती पिट्सबर्गला, इन्क्लाइनमध्ये. डोंगराला शिडी टेकवावी तसे उभेच्या उभे रूळ, आणि त्यांवरून चढणारा लाल रंगाचा जुना लाकडी डबा. ऑक्टोबरची झड लागली होती. हेमचंद्र भिजत आत शिरला तेव्हा कानाला फोन होता.

“हो आई, जेवलो. हो गं, वरण-भातच.”

“खोटं!”

समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. कुरळ्या केसांवर पावसाचे थेंब, आणि डोळ्यांत नुसता खट्याळपणा. “हातात चिप्सचं पाकीट आहे,” ती म्हणाली.

“आई, मी… मी नंतर करतो.”

“पुअर आई! हाय, मी अबोली. नावावर जाऊ नकोस, मी खूप बोलते.”

“हेमचंद्र.”

“व्होल थिंग? मी हेम म्हणते. इंग्लिशमध्ये हेम म्हणजे कपड्याची दुमड ना?”

“नाही… सोनं.”

तिने त्याला ओल्या बुटांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. “सोनं भिजलंय जरा.”

डबा हिसका देऊन चढू लागला. अबोलीचा जन्म इथलाच; मराठी आजीने फोनवर शिकवलेली, लिहायला-वाचायलाही; फक्त जोडाक्षरं तिला अजून जमत नव्हती. शनिवारी ती वरच्या स्टेशनात येणाऱ्यांना या गाडीचा इतिहास सांगायची, हौसेने. त्यालाही तिने तो न विचारता सांगितला. दीडशे वर्षांपूर्वी नदीकाठी कारखाने होते, आणि डोंगरावर कामगारांची घरं. दिवसभर भट्टीपुढे भाजून निघालेला माणूस रोज हा कडा कसा चढणार? म्हणून ही गाडी.

“आणि बेस्ट पार्ट माहितीये? दोन डबे आहेत, केबलने एकमेकांना बांधलेले. तो खाली येतो, त्याच्या वजनाने आपण वर जातो.”

मध्यावर दुसरा डबा अगदी जवळून गेला. अबोलीने आतल्या लोकांना हात केला.

“ओळखीचे आहेत?”

“नाही रे. पण ते आपल्याला वर ओढतायत. हात तरी करायला नको?”

वर पोचताच प्रोफेसरांचा मेसेज आला. हेमचंद्र गडबडला, “चल, येतो हं,” म्हणाला आणि त्याच डब्यातून खाली गेला.

पुढच्या शनिवारी ती कमरेवर हात ठेवून उभी.

“कुठे होतास? वाऱ्यात दोन कॉफी घेऊन उभी होते मी! माझी प्यायले, मग तुझी पण प्यायले. यू सेड येतो!”

त्याला आधी कळेचना. मग हसू आलं, आणि ते दाबताना चष्मा घसरला. “अगं, आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणजे… कायमचं गेल्यासारखं. म्हणून येतो म्हणायचं.”

“आमच्या घरी सगळे बाय म्हणतात. म्हणजे तुम्ही लोक दारात उभं राहून खोटं बोलता?”

“खोटं नाही. तारीख न घातलेलं वचन.”

आपण असं काही बोलू शकतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि अबोलीने कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळूच म्हणाली, “हे छान आहे, हेम.”

त्यानंतरचे शनिवार त्या डब्यातच गेले. किती पिढ्यांनी बसून बसून तो बाक गुळगुळीत केला होता! हिसका बसला की तिची करंगळी त्याच्या हाताला लागायची, आणि तो हात मागे घ्यायचा. एकदा त्याने घेतला नाही. दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले… काहीच न बघता.

मग पदवी मिळाली, आणि डब्लिनची नोकरी. शेवटच्या संध्याकाळी वरच्या स्टेशनात ती म्हणाली, “मग?”

खाली नद्यांवर दिवे लागत होते. हेमचंद्रच्या मनात शंभर गोष्टी होत्या. व्हिसाचं काय होईल? तीन तासांचा रस्ता किती दिवस निभेल? या हसऱ्या मुलीला पुन्हा वाऱ्यात वाट बघायला लावायची? खोटी आशा नको, असं ठरवून तो म्हणाला, “चल… जातो.”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. अर्थ त्यानेच तर शिकवला होता. दार लागलं. मध्यावर दुसरा डबा रिकामाच वर निघून गेला.

“लिहिलंस का उत्तर?” डब्लिनच्या घरी रूममेट विनयने विचारलं. त्याची टेक्सासमधल्या फ्रिस्कोला बदली झाली होती. दारात बॅगा रचलेल्या.

“काय लिहू?”

“अरे यार, दोनशे पानांचा थिसिस लिहिलास, आणि पोरीला एक पान जमेना?” त्याने पाठीत धपाटा घातला, बॅगा उचलल्या. “चल हेम्या, येतो रे.”

गाडी वळली. टेक्सास कुठे, ओहायो कुठे… हा आता कधी यायचा? तरी त्या ‘येतो’ने घर एकदम ओकंबोकं झालं नाही. कोणीतरी दिवा चालू ठेवून गेल्यासारखं वाटलं. हेमचंद्र दारातच उभा राहिला. आपण खरेपणाच्या नावाखाली अबोलीला एवढंसुद्धा दिलं नव्हतं.

तो टेबलाशी बसला. तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, हे आठवून एकेक साधा शब्द वेचून लिहू लागला.

‘मला तू आवडतेस. मी घाबरलो होतो. तू माझी वाट पाहू नयेस असं मीच ठरवून टाकलं, तुला विचारलं नाही. शनिवारी सकाळी मी तिथे असेन. पुढचे सगळे शनिवारही, तुला हवे असतील तर.’

इथे पेन अडलं. पुढचा शब्द जोडाक्षराचा होता, आणि त्याला दुसरा शब्द चालणार नव्हता. शेवटी त्याने तो लिहिलाच, चांगला मोठा: ‘प्रेम’. खाली बारीक अक्षरात टीप दिली, ‘यात प आणि र एकमेकांना टेकून बसलेत. हळू वाच, जमेल.’

सकाळी कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीत त्याने पाकीट टाकलं. दोन पावलं गेला, परत आला, झाकण उघडून आत डोकावला.

पत्र खाली गेलं होतं.