पत्र्याखालचा सर्व्हर

"मशीन बंद पडलं की कुणी पाडलं, एवढंच सांगा मॅडम. पडलं असेल तर आजच शटर ओढतो. पाडलं असेल तर मात्र मी कुणाच्या बापाला ऐकणार नाही!"

हसनैन पिंजारी दारातूनच बोलत आला. खासगी तपासाची कामं घेणाऱ्या मेघा चौधरीने त्याला आधी पाणी दिलं. मे महिन्यात जळगावात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग त्याचं भांडण ऐकायचं.

हसनैन आणि त्याची भागीदार रूपा एमआयडीसीत सर्व्हर बनवायचे. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरला एसीची थंडगार खोली लागते, नाही तर साहेब रुसतात. यांचा सर्व्हर पत्र्याखाली, उन्हात, धुळीत चालायचा. धुळ्याची एक पतसंस्था आपल्या सगळ्या शाखांत तो बसवणार होती. अट एकच होती, तीन दिवस एसीशिवाय चालवून दाखवा. आज शेवटच्या दुपारी मशीन तापून बंद पडलं होतं.

"संस्थेचे तपासनीस साळुंखे संध्याकाळी रिपोर्ट पाठवतील," हसनैन म्हणाला. "मग ऑर्डर मोठ्या कंपनीला, आणि आम्ही रस्त्यावर."

"चला मामा," मेघा उठली. जीवराममामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, तिचे सोबती. डोकं सावकाश चालायचं, पण मामांना स्वतःला तसं वाटत नसे.

शेडमध्ये मेघाने मशीनची हवा आत घेणारी जाळी नीट पाहिली. जाळीत बारीक पांढरे धागे अडकले होते.

"पंखाच बिघडला असणार," मामांनी निकाल दिला.

"बोटाने फिरवून पाहिला, पंखा छान फिरतोय, मामा. त्याला हवाच मिळाली नाही."

तिने आधी रूपाला गाठलं. "हसनैन सांगत होते, मोठ्या कंपनीने तुम्हाला नोकरी देऊ केली होती ना?"

"केली होती, तिप्पट पगारावर. मी नाही म्हटलं. डिझाइन माझं आणि नाव त्यांचं, कशाला?" रूपा तडकली. "दुपारी मी घरी जेवत होते. एकटीच. घ्या संशय!"

मेघाने शेडला वळसा घातला. शेडची मागची बाजू एका बोळात उघडत होती. बोळाला रस्त्याकडून फाटक होतं, तेही सताड उघडं. साळुंखे उतरले होते त्या शेजारच्या पाहुण्यांच्या खोलीचं मागचं दारही त्याच बोळात निघत होतं.

पिंपळनेरकडचा वना मशीन जोडायचा. गळ्यात लाल रुमाल, चेहरा रडवेला. चाचणी चालू असताना मशीन बनवणाऱ्यांच्या माणसाने जवळ जायचं नाही म्हणून तो समोरच्या ओट्यावर बसला होता.

"साळुंखे साहेब खोलीमा व्हतात. दार बंद, खिडकी बंद. मी दारसमोरच बसेल व्हतू, ताई. दार उघडनंच नही. कूलरना आवाज येत व्हता."

प्रेमराज साळुंखे खोलीतच भेटले. पांढऱ्या शर्टाची खळ अजून कडक, चेहरा ताजातवाना.

"काय हो हे ऊन! मी जेवून जो आलो तो दार-खिडकी गच्च लावली, कूलर सोडला आणि मस्त ताणून दिली. थेट मशीन बंद पडल्याचा आरडाओरडा ऐकून उठलो."

"आणि मागचं दार?"

"या खोलीला मागचं दार आहे?" साळुंख्यांनी चारी भिंतींकडे पाहिलं. एका भिंतीवर जाड पडदा होता. खुंटीवर पांढरा टॉवेल लटकत होता. "ते असो. आमचे जावई याच धंद्यात आहेत, मोठ्या कंपनीची एजन्सी आहे त्यांची. घरगुती मशीनचं असंच व्हायचं."

मेघाने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"मामा, दार लावा. खिडकीही. कूलर चालू करा."

ती अगदी सावकाश बोलू लागली. "कुणीतरी जाळीत टॉवेल कोंबला. मशीन गुदमरलं, तापलं, बंद पडलं. मग टॉवेल काढून घेतला, पण धागे राहिले. वनाचा रुमाल लाल आहे. रूपाताई बोळातून येऊ शकल्या असत्या, पण पांढरा टॉवेल होता या खोलीत..."

खोली दमट, चिकट झाली. मामांचा सदरा पाठीला चिकटला. "अगं मेघा, कूलर लावून दारं बंद करतं का कुणी? ओल्या पोत्यात बसल्यासारखं झालंय!"

ती बोलतच राहिली. साळुंख्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. शर्टाची खळ केव्हाच मेली होती.

"पुरे झालं!" ते ओरडले. "ते पडद्यामागचं दार तरी उघडा!"

मेघाने पडदा बाजूला सारला. मागे दार होतं.

"ते दार तर तुम्हाला ठाऊकच नव्हतं," मेघा म्हणाली. "साहेब, गच्च बंद खोलीत कूलर लावून खानदेशात कुणी झोपत नाही. झोपलाच तर घामाने जागा होतो. तुमच्या शर्टाची खळही मोडली नव्हती. म्हणजे दुपारभर तुम्ही या खोलीत नव्हता. पुढचं दार आणि खिडकी वनासमोर बंद होती. उरलं मागचं दार. कूलर चालू ठेवलात तो वनाने आवाज ऐकावा म्हणून. आणि जावयाची एजन्सी तर तुम्हीच सांगितलीत."

साळुंखे उसळले. "रिपोर्ट माझ्या हातात आहे! या टपरीवर कोण विश्वास ठेवणार?"

हसनैनने फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडे संस्थेच्या अध्यक्ष यशोदाबाई होत्या. त्याने सगळं सांगितलं आणि आवाज चढवला.

"अक्का, माझ्यावर विश्वास ठेवू नका. यांच्यावरही नको. मशीन मी धुळ्याला आणतो. तुमच्या अंगणात, भर उन्हात, सगळ्या सभासदांसमोर मांडतो. मोठ्या कंपनीलाही बोलवा. त्यांचं मशीन माझ्या शेजारी ठेवू दे!"

"थांब, विचारते त्या कंपनीला."

फोन परत येईपर्यंत मामांनी खिडकी उघडली. साळुंख्यांनी दोनदा घाम पुसला.

"हसनैन," यशोदाबाई म्हणाल्या, "ते म्हणतात, एसीबाहेर मशीन काढायची त्यांना परवानगी नाही. तू ये. आणि साळुंख्यांना सांग, रिपोर्टची गरज नाही. त्यांचीही."

रूपाने हसनैनच्या पाठीवर दणका घातला. तिचे डोळे भरून आले होते.

"वना," हसनैन म्हणाला, "उद्या टेम्पो भर दुपारी काढायचा. आणि मशीनवर ताडपत्री बिडपत्री काही टाकू नको. लागू दे ऊन."