टबातले बुडबुडे

हसायचं तर हसा, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. छुसकच्या, म्हणजे आमच्या पितरांच्या सणाआधीचा शनिवार, भर दुपार. मुनग्योंगच्या डोंगराखालचं आमचं इंजिनदुरुस्तीचं दुकान.

सणाआधी थोरल्यानं बापाच्या थडग्यावरचं गवत कापायचं, ही आमची रीत. माझा एक पाय अधू, डोंगर चढवत नाही. बाबा गेल्यापासून तीन वर्षं ग्योंगताएदादाच जातो... निदान तो तसं सांगतो.

त्या दिवशी त्यानं गवत कापायचं यंत्र माझ्यापुढे आपटलं.

"बघ रे लंगड्या. खटका सोडला तरी इंजिन बोंबलतंच राहतं."

"कुठूनतरी जास्तीची हवा खेचतंय."

"मग बुजव ना! भाषण नको."

इंजिनाची तोंडं मी रबरानं बंद केली. नळी लावून पंपानं हवा भरली. पाण्याच्या टबात बुडवलं.

एकही बुडबुडा नाही, म्हणजे गळती कुठेच नाही.

मी पंप काढला. नळीचं टोक टबाबाहेर मोकळं लोंबत होतं...

आणि बुडबुडे आले.

दोन छोटे, एक लांब... थांबून पुन्हा दोन छोटे, एक लांब.

दुकान चालवायचे तेव्हा बाबा पंप वापरत नसत. नळी तोंडात धरून अगदी अशीच फुंकायचे.

"तू करतोयस!" दादा ओरडला.

मी दोन्ही हात वर केले.

नळीचं टोक ओलं होतं. त्याला भाताच्या दारूचा वास येत होता... बाबांच्या तोंडाचा.

तेवढ्यात माझी नजर पात्यावर गेली. कारखान्याचा रंग जसाच्या तसा. त्यानं एक काडीसुद्धा कापली नव्हती.

"दादा, तीन वर्षं नुसता अंगणात आवाज काढून शेजाऱ्यांना ऐकवलास?"

"गवतच तर आहे. कोण बघतंय?"

टबात एकच मोठा बुडबुडा आला... फुटला.

मी काठी टेकत, रडतखडत चढलो. दादा यंत्र घेऊन मागे. गवत छातीएवढं, थडगं दिसेचना. मला रडू फुटलं, आणि दादाची शिसारी आली.

त्यानं यंत्र हातात घेतलं की ते किंचाळायचं.

माझ्या हातात मात्र... शांत चाललं.

आता दादा दरवर्षी विळ्यानं गवत कापतो. प्रेमानं नाही, भीतीनं.

यंत्र माझ्याकडेच आहे. हवा अडवणारी सगळी रबरी सील बदलून झाली. परवा नळी तोंडात धरून मीच फुंकली...

आतून उलट फुंकर आली. कोमट.

बाबा, गवत काढतोय की हो तो आता. अजून काय हवंय?