अर्धा कप

हेमकांत मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो शिंकत होता. मीही शिंकतच होते... म्हणजे सुरुवात काही फार देखणी नव्हती. नंदुरबारच्या ज्या शाळेत दर रविवारी दुपारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, तिच्यामागे मिरच्या वाळवायच्या पथारी आहेत. डिसेंबरात वारा फिरला की सगळा वर्ग खोकायला लागतो. आम्ही दोघं एकदमच खिडकी लावायला धावलो आणि कडीवर हात ठेवून एकमेकांच्या तोंडावर शिंकलो.

मी कोरीट गावाहून आबांसोबत, म्हणजे वडिलांसोबत, यायचे. आबांनी दारू सोडून तीन वर्षं झाली होती, आणि बैठकीचा चहा माझ्याकडे होता. आमच्याकडे नव्या माणसाला कप अर्धाच देतात. सुरुवातीला हात थरथरतात. भरलेला कप सांडला की माणूस ओशाळतो. हेमकांतला हे कुठून ठाऊक असणार?

"मन्हावर राग शे का? कप अर्धाच..."

"हातनी थरथर गई का भरेल भेटी," मी म्हटलं.

तो पाण्याच्या मोटारी बांधायचा. केसाएवढी तांब्याची तार गुंडाळणारे हात ते. थरथरून कसं चालेल? दर रविवारी तो कप पुढे करायचा, मी त्याच्या बोटांकडे बघायचे आणि मान हलवायचे. होळीच्या सुमाराला बोटं थांबली. मी कप काठोकाठ भरला. त्यानं माझ्याकडेच बघत घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

मग बैठक सुटली की आम्ही पथारींच्या कडेनं चालायचो. नजर पोचेल तिथवर लाल... उन्हात सगळं तरंगल्यासारखं वाटायचं. आबा मागे मुद्दाम कुणाशी तरी बोलत राहायचे. पहिल्या वर्षात लग्नासारखा मोठा निर्णय घ्यायचा नाही, असा बैठकीचा सल्ला. म्हणून तो एवढंच म्हणाला, "एक वरीस पुरं व्हवू दे, चेतना. मंग तुले एक गोट सांगसू."

ती गोष्ट मला ठाऊक होती. आत्यानं सुरतचं स्थळ आणलं होतं; मी त्यांना डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवलं.

शेवटच्या घोटापासून वर्ष झालं की बैठकीत वाढदिवस करतात. आपल्या माणसाच्या हातून बिल्ला लावून घ्यायचा. हेमकांतनं माझं नाव सांगितलं. मी हिरवी साडी नेसून, बिल्ला मुठीत धरून उभी राहिले. तो पुढे आला... आणि मागे सरला.

"मन्हं वरीस पुरं व्हयेल नही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आखाजीले मी पिनू. कोणले सांगं नही."

मला इतका राग आला की मूठ आवळून बिल्ल्याची पिन टोचली. अक्षय्य तृतीयेपासून, आठ महिने हा माझ्याशी खोटं बोलला होता. आबाही माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायचे आणि बाटली मोटारीच्या खोलीत लपवायचे. पण आबा पकडले जायचे. याला कुणीच पकडलं नव्हतं. गप्प राहिला असता तर बिल्लाही मिळाला असता आणि मीही. दोन्ही हातचं घालवून तो खरं बोलला होता. राग गेला नाही. पण सुरतला मी जाणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं.

चहाच्या वेळी तो सगळ्यात शेवटी आला. माझ्याकडे बघेना.

"अर्धाच दे," तो म्हणाला. "मी आते नवाच शे."

मी अर्धा ओतला. मग दुसरा कप घेऊन त्यातही अर्धाच ओतला.

"अर्धा तुन्हा, अर्धा मन्हा. आखाजीपावत असंच. तवय तुन्हं वरीस पुरं व्हई, मंग ती गोट सांग."

त्यानं वर बघितलं. त्याचा हात थरथरत होता, माझाही. कप अर्धे होते म्हणून काही सांडलं नाही.