आईच्या बुटाचं माप

आमच्या दाराशी आईचे चंद्रबूट उभे होते आणि कितीतरी दिवसांत त्यांत कुणी पाय घातला नव्हता. आई उपचारासाठी पृथ्वीवर गेली होती. एके सकाळी बाबा म्हणाले, "केतकी, ऑपरेशननंतर आईचे पाय या बुटांत मावले, तरच तिला इथं परत येऊ देतील."

आता ऑपरेशन पोटातलं. मग बूट का घट्ट होतील? मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "ठकीला विचार," आणि चष्मा पुसायला लागले. आईचा विषय निघाला की बाबांचा चष्मा नेमका खराब होतो.

आम्ही चंद्रावरच्या वस्तीत राहतो. ठकी म्हणजे आमचं पाणीघर आणि भाजीबाग सांभाळणारा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). तिचं नाव आईनं ठेवलं आणि बोलायलाही आईनंच शिकवलं, त्यामुळे ती आईसारखंच साताऱ्याकडचं बोलते. आई कामावरून घरी आली की दारातून म्हणायची, "आले गं बयो." ती गेल्यापासून मी रोज पाणीघरात जायचे आणि ठकीला तेवढं एक वाक्य म्हणायला लावायचे. डोळे मिटून ऐकलं की थोडा वेळ बरं वाटायचं.

त्या दिवशी मात्र मी सरळ प्रश्न विचारला.

"बस हितं," ठकी म्हणाली. "बाळ जिथं वाढतं, ती पिशवी म्हंजे गर्भाशय. त्याच्या तोंडाशी तुझ्या आईला कर्करोग झालाय (शरीरातल्या पेशी बेसुमार वाढत सुटतात तो आजार). पर लवकर सापडलाय, अजून लहान हाय. म्हणून ऑपरेशन."

"मग पायांचं काय?"

ठकीनं मला पालकाच्या वाफ्यापाशी नेलं. वाफ्यातून झिरपलेलं पाणी नळ्यांतून टाकीकडे परत जातं आणि वाटेत जागोजागी गाळण्या आहेत. "आपल्या अंगात रक्तासारखं आणखी एक पाणी फिरतं. लसिका (पेशींच्या मधून पाझरणारा पातळ द्रव). तिच्या वाटेवर घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी असत्यात, त्या लसिकाग्रंथी. त्यांचं काम या गाळण्यांसारखं. कर्करोगाची एखादी पेशी सुटून निघाली, तर बहुधा आधी तिथंच अडकती."

"मग सगळ्या ग्रंथी काढून तपासायच्या. त्यात काय?"

"काढून बघ की."

मी एकेक गाळणी काढली. प्रत्येक गाळणीबरोबर नळीचा एक तुकडाही हातात आला. पाण्याला टाकीकडे जायला वाटच उरली नाही. चंद्रावर पाणीसुद्धा आळसावून पडतं, पण पडायचं थांबत नाही. पाहता पाहता वाफ्यात तळं झालं आणि माझे मोजे भिजले.

"पूर्वी डॉक्टर असंच करायचे," ठकी म्हणाली. "ओटीपोटातल्या दोन्ही बाजूंच्या पुष्कळ ग्रंथी काढायचे. मग काहीजणींच्या पायातलं पाणी वर जायचं न्हाई आणि पाय सुजायचे. कायमचे."

मला एकदम आत्या आठवली. पृथ्वीवरच्या माझ्या आत्याच्या दोन चपला दोन मापांच्या असतात. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सुजलेल्या पायांना इथला हवाबंद पोशाख घालता येत नाही, हा वस्तीचा नियम मला पाठ होता.

"मग ग्रंथींना हातच लावू नका म्हणावं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"आणि एखादीत रोग लपून राहिला, तर?"

ठकीनं सगळ्या गाळण्या पुन्हा बसवल्या, मग बिटाचा रस आणून वाफ्याच्या एका कोपऱ्यात ओतला. "आता नळ्यांकडं बघ. आधी लाल कुठली हुईल?"

मी पाहत राहिले. वाफ्याजवळची एक गाळणी लाल झाली, बाकीच्या कोऱ्याच होत्या.

"ही पहारेकरी ग्रंथी (रोगाच्या जागेकडून येणारी लसिका जिच्यात सर्वांत आधी शिरते ती). तुझ्या आईला बिटाचा रस घालणार न्हाईत, बरं का. गर्भाशयाच्या तोंडाशी एक रंग टोचत्यात. खास कॅमेऱ्यातून तो हिरवा चमकतो. चमकली ती ग्रंथी काढायची, तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. ती स्वच्छ निघाली, तर पुढच्या बी बहुधा स्वच्छ. त्यांना तिथंच राहू द्यायचं."

"म्हणजे थोड्याच काढायच्या."

"व्हय. पर डावीकडची एक आणि उजवीकडची एक, दोन्ही सापडाय हव्यात. एका अंगाची न्हाई सापडली, तर त्या अंगाच्या सगळ्या काढाव्या लागत्यात."

"आणि तू 'बहुधा' का म्हणालीस?"

"कारण ते बहुधाच हाय. तुझ्या आईनं मला खोटं बोलाय शिकवलं न्हाई."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईनं कागदावर दोन्ही पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि ते चित्र पाठवलं. आमच्याकडे गावाहून चपला मागवायच्या असल्या, की असंच माप धाडतात. मी ते पूर्ण मापात छापून घेतलं आणि उशाखाली ठेवलं.

ऑपरेशन चालू असताना बाबा आणि मी पाणीघरात बसलो होतो. निरोप आला, डावीकडची ग्रंथी चमकली. मग बराच वेळ काहीच नाही. मग निरोप आला, उजवीकडे काही दिसत नाही. बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. डॉक्टरांनी उजव्या बाजूला पुन्हा रंग टोचला होता. मी लाल गाळणीकडे बघत राहिले. मला आई हवी होती. बाकी काहीही नको होतं.

"दिसली," नवा निरोप वाचून ठकी म्हणाली. "उजवीकडची बी दिसली."

पुढे काप तपासून झाले आणि दोन्ही ग्रंथी स्वच्छ निघाल्या. तरी सूज कधीकधी उशिरा येते, म्हणून डॉक्टरांनी आईला अनेक महिने तिथंच थांबवून घेतलं. दर महिन्याला ती पायांचं नवं चित्र पाठवायची. मी ते पहिल्या चित्रावर ठेवून दिव्यासमोर धरायचे. एकदा उजवी रेघ जराशी बाहेर गेली, तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. नंतर आईच म्हणाली, तिचा हात हलला होता.

काल शेवटचं चित्र आलं. रेघेवर रेघ बसली, दोन्ही पायांची. मी दोन्ही पावलांचे आकार कापले आणि आईच्या बुटांत सरकवले. ते तळाशी अगदी बरोबर बसले. पुढच्या यानात तिची जागा पक्की झाली आहे.

मी हे सांगायला धावत पाणीघरात गेले. ठकीनं मला पाहिलं आणि रोजच्या सवयीनं सुरुवात केली, "आले गं..."

"थांब," मी म्हणाले. "आता तू नको म्हणू. ती येऊन म्हणेल."