पालखीची वाट

मोबाईल खाली ठेव रे विनीत, नाहीतर उठून आत जा. राही, तू पायरीवर नको बसूस, वर ये. ही गोष्ट मालगुंडच्या सुजयची, माझ्या चुलतभावाच्या मुलाची. ऐकीव नाही हो, सुजयने मलाच सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या घरात होतो.

गेल्या शिमग्यातली, धुळवडीनंतरची दुसरी रात्र. सुजय आईची औषधं आणायला रत्नागिरीला गेला होता. आई म्हणजे यमुनाबाई, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. तिने एकच धोशा लावला होता, "देवीची पालखी दारात आली की मी सुटले."

आणि पालखी येणार नव्हती. कारण सुजयच! मुंबईची नोकरी सोडून आला, पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि घरामागे चिऱ्याचं कंपाउंड घातलं. नेमकी तिथूनच पालखीची वाट. पिढ्यान् पिढ्यांची. गावकरी समजवायला गेले, तर हा म्हणतो, "नकाशात कुठाय वाट? पुढच्या फाटकातून या, काँक्रीट घातलंय."

गुरव म्हणाला, "बाबा, तिची वाट आपण नाय ठरवत."

मग तालुक्याहून गावातल्या रस्त्यांची नोंद करायला माणूस आला. गावाने त्याला ही वाट दाखवली. तो म्हणाला, वर्षातून एकदा वापरता त्याला आम्ही रस्ता धरत नाही. झालं! सुजय कायद्याने जिंकला. तो रत्नागिरीला गेला त्या दिवशी दुपारी पालखी डांबरी रस्त्याने परस्पर निघून गेली. यमुनाबाई उशाशी ओटीचं ताट ठेवून अंधार पडेपर्यंत ढोल ऐकत राहिली. मला त्या पोराचा अजून राग येतो.

रात्री तो परतला. तिने औषध घेतलं नाही, तोंड भिंतीकडे फिरवलं. हाही न जेवता आडवा झाला.

मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याला जाग आली. ढोल वाजत होता.

पालखी तर कधीच देवळात विसावली होती. आणि हा ढोल लांबचा नव्हता... घरामागचा होता. कंपाउंडच्या पलीकडचा.

बॅटरी घेऊन तो बाहेर आला. कोणी नाही. ढोल जवळ येत गेला. भिंतीपाशी आला...

थांबला.

रातकिडेसुद्धा गप्प.

मग उजव्या खांद्यावर वजन आलं. लाकडाचं. गोल, जाड. गुडघे वाकले. बॅटरी पडली. जन्मात त्याने पालखीला खांदा दिला नव्हता. पण पाय वळले. चालू लागले... घराकडे. मागे कोणीतरी होतं. पावलाला पाऊल जुळवत. धापा टाकत. वळून बघायची छाती झाली नाही.

पायरीशी वजन उतरलं.

तो वळला. अंगण रिकामं. भिंत जशीच्या तशी.

"आये..." करत आत धावला. यमुनाबाई अंथरुणातच होती. घामाने चिंब. हसत होती.

"आली रे," म्हणाली.

पहाटे ती गेली.

तेरावं झाल्यावर सुजयने स्वतः पहार घेऊन ती भिंत पाडली. वाट मोकळी ठेवायची असा ग्रामसभेने ठराव केला. तालुक्याच्या नकाशात ती अजूनही नाही.

काय म्हणतोस विनीत? स्वप्न पडलं असेल? मीही तेच म्हणालो असतो रे. पण त्या सकाळी बायका यमुनाबाईला शेवटची आंघोळ घालत होत्या आणि तुमची मालनकाकी पांढरीफटक पडून बाहेर आली. माझा हात धरून आत घेऊन गेली आणि लुगडं जरासं बाजूला केलं.

जिला दिवाळीपासून धड उठून बसता येत नव्हतं, तिचा उजवा खांदा... सोललेला. दांड्याएवढा रुंद वळ.

ताजा.