वालांच्या पुरचुंडीशेजारी

रुग्णालयाने दिलेल्या पाकिटात सुंठेच्या तुकड्यांसारखे वाळके, वेडेवाकडे कंद होते. सुजय फणसेने ते पाण्यात टाकले तेव्हा शेजारच्या पातेल्यात वालही भिजत पडले होते. अलिबागच्या त्या घरात रविवारी वालाचं बिरडं व्हायचंच, आणि वालांना मोड आणण्याचं खातं लग्नापासून सुजयकडे होतं. स्वयंपाकातलं तेवढं एकच काम ह्याला धड जमतं, असं त्याची बायको हेमांगी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

कंद ॲनिमोनचे होते. हे थंड मुलखातलं फूल. प्रयोगशाळेत त्याला कोकणातला उकाडा सोसायला शिकवलं होतं आणि आणखीही एक विद्या दिली होती. माणसाच्या श्वासातून सूक्ष्म रसायनं बाहेर पडत असतात आणि शरीरात आजार मूळ धरू लागला की त्यांचं मिश्रण बदलतं. यंत्रांना उशिरा कळणारा हा बदल या फुलाच्या पाकळ्या आधी ओळखत. सारं ठीक असेल तर फूल पांढरं उमले, नसेल तर जांभळं. लोक त्याला श्वासफूल म्हणू लागले होते. हेमांगीच्या फुफ्फुसातली गाठ काढली होती, उपचारही संपले होते. ती गाठ परत येते आहे का, यावर आता परसातल्या कुंड्या नजर ठेवणार होत्या.

पाकिटावर सूचना होती: कंद चार तास भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि कोंब फुटेपर्यंत रुग्णाच्या उशाशी ठेवा. सुजयने ती वाचली आणि स्वतःची अक्कल चालवली. आजारातून नुकत्या उठलेल्या बाईच्या उशाशी ओलं फडकं ठेवून तिला सर्दी करायची का? मोड आणायची उबदार जागा तर घरात होतीच. शेगडीजवळच्या कोपऱ्यात, वालांच्या पुरचुंडीशेजारी त्याने कंदांची पुरचुंडी ठेवली आणि दोन्हींवर पातेलं उपडं घातलं. वालांना मोड आले, पाठोपाठ कंदांनाही कोंब फुटले. वरची बाजू कुठली ते कळेना, म्हणून त्याने कंद मातीत आडवेच निजवले आणि स्वतःवर खूश झाला.

पुढे थंडीत एकदा फोडणी देताना हेमांगीला ठसका लागला. साधाच ठसका होता, पण सुजयने धावत येऊन शेगडी विझवली. त्याने त्या दिवसापासून स्वयंपाकघर बंद केलं आणि बाहेरून डबा लावला. हेमांगी पुष्कळ भांडली, मग गप्प झाली. रोज सकाळी ती परसात खुर्ची टाकून कुंड्यांजवळ बसे. रोपांची पानं थेट कोथिंबिरीसारखी होती. हेमांगी ती चुरून वास घ्यायची; कोथिंबिरीचा वास येत नसे, मग हात पुसून टाकायची.

पहिली कळी उमलली ती जांभळी. सुजय पाणी घालायला गेला होता. झारी खाली ठेवून तो फूल खुडायला वाकला; हेमांगी बाहेर यायच्या आत ते नाहीसं करावं, एवढंच त्याला सुचलं.

"तोडू नकोस," मागून हेमांगी म्हणाली. "मी काल संध्याकाळीच पाहिलंय."

रुग्णालयात सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. मग निकालाची वाट बघणं आलं. अखेर तिथल्या डॉक्टर तांडेलबाईंनी पडद्यावर छायाचित्र दाखवलं. दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ होती. डॉक्टरांनी तसं दोनदा सांगितलं, तेव्हा सुजय लोकांसमोर हमसून हमसून रडला. हेमांगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग तिचेही डोळे भरून आले.

फूल चुकलं कसं, हे मात्र डॉक्टरांना कळेना. कंद कुठे ठेवले होते, असं त्यांनी विचारलं आणि सुजयने वालांसकट सगळी हकीगत सांगितली. ऐकून डॉक्टर आधी पोटभर हसल्या. कंद पहिल्यांदा फुगतो तेव्हा भोवतालची हवा त्याच्या पेशींत ठसते, त्यांनी समजावलं, आणि पुढे फूल रोजची हवा त्या पहिल्या हवेशीच ताडून बघतं. फणशांच्या कंदांत हेमांगीच्या श्वासाऐवजी त्यांचं स्वयंपाकघर ठसलं होतं.

"फूल खोटं बोललं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा भेटलेलं घर त्याला सापडत नव्हतं. मधल्या काळात घरात काय बदललं?"

"आमची शेगडी बंद आहे," हेमांगी म्हणाली आणि धूर खेचणारं यंत्र चालू ठेवलं तर स्वयंपाक करायला हरकत आहे का, हे तिथल्या तिथे विचारून घेतलं. हरकत नव्हती.

त्या रविवारी सुजयला वाल सोलायला बसवण्यात आलं. परसाचं दार उघडं टाकून हेमांगीने हिंगाची फोडणी दिली, आणि घरात पुन्हा तिचा आवाज चढलेला ऐकून सुजयला इतकं हायसं वाटलं की तो आणखी भराभर वाल सोलू लागला. जांभळी फुलं गळून गेली. नंतरच्या कळ्या पांढऱ्या उमलल्या.

पुढच्या दिवाळीनंतर नवं पाकीट आलं. सूचनेखाली डॉक्टर तांडेल यांनी लाल रेघ मारली होती. सुजयने कंद भिजवले, फडक्यात गुंडाळले आणि शहाण्यासारखे हेमांगीच्या उशाशी नेऊन ठेवले. तिने पुरचुंडी सोडली, त्यातले थोडे कंद ओंजळीत घेतले आणि ती स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळच्या कोपऱ्याकडे निघाली. आता हे काय, असं सुजयने घाबरून विचारलं.

हेमांगी दारात थांबली.

"उशाशी ठेवलेले माझा श्वास ओळखतील," ती म्हणाली. "पण श्वास ठीक आहे आणि माणूस ठीक नाही, असं झालं तर ते कोण ओळखणार?"